बळी कोण, बळी कोणास?



भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेस केबिन रोड आहे. तेथील एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दर एकादशीस हरिपाठ होतो, आणि वर्षातून दोन-चार वेळा आमची तेथे कीर्तनसेवा घडते. मंडळी बहुतेक सातारा, जुन्नर, संगमनेर, कोकण अशा भागांतून येऊन राहिलेली. पहाटे उठून गाडी गाठावयाची, दादर-चर्चगेटकडे चाकरी करावयाची, आणि रात्री घरी परतून पुन्हा टाळ हाती घ्यावयाचा, असा त्यांचा नेम. ‘केबिन’ हा शब्द कानी पडला की आम्हांस जुन्या काळच्या रेल्वेतील ती उंचावरची खोली आठवते. तिच्यात बसलेला माणूस लोखंडी खटका ओढी आणि दूरवर रुळांचा काटा फिरे. त्याला गाडी दिसे. गाडीतल्या माणसांचे चेहरे दिसत नसत. ज्याच्या हातून घडते त्याला, ज्याच्यावर घडते तो दिसत नाही, ही गोष्ट पुढे कामास येणार आहे म्हणून येथेच सांगून ठेवितो.

दोन वर्षांपूर्वी ह्याच मंडळातील एका कुटुंबातला तरुण मुलगा सकाळच्या गाडीतून पडून गेला. दारात उभा होता, गर्दी होती, पुढचे सांगावयास नको. उत्तरकार्याच्या दिवशी आम्ही कीर्तनास उभे राहिलो. चाळीस वर्षे ज्या वाटेने जीभ चालत आली त्या वाटेने ती चालली. ‘काळाने घाला घातला’, ‘नियतीने कोवळा बळी घेतला’, ‘अकस्मात सारे संपले’. श्रोत्यांचे डोळे पाणावले. आम्हांस वाटले, सेवा रुजू झाली.

रात्री पाने उठल्यावर त्या मुलाची आई आमच्याजवळ येऊन बसली. रडत नव्हती. म्हणाली, “बुवा, रागावू नका, एक विचारते. तुम्ही ‘बळी’ म्हणालात. आमच्या गावाकडं बळी देतात तेव्हा कुणीतरी सुरी धरतं, आणि कुठल्यातरी देवापुढं देतात. माझ्या पोराचा बळी कुणी दिला, आणि कुठल्या देवाला?”

आम्ही न्याय शिकलो, व्याकरण शिकलो, गुरुजींच्या घरी बारा वर्षे पाठांतर केले. पण त्या प्रश्नापुढे गप्प बसलो. अखेर “माउली, आमचे चुकले” एवढेच म्हणालो. वारीत कुणाच्या पायावर पाय पडला तर आपण वाकून पाय शिवतो आणि माउली म्हणतो, तसेच ते झाले. फरक इतकाच की पायावर पाय पडतो तो एकदा. आम्ही हा शब्द चाळीस वर्षे लोकांच्या अंगावर टाकीत आलो होतो. तेव्हापासून जे थोडेबहुत पाहिले, तपासले, ते आज मांडीत आहो.

प्रथम ‘अकस्मात’ घेऊ. हा शब्द फोडला की ‘अ’ आणि ‘कस्मात्’ असे दोन तुकडे पडतात. कस्मात् म्हणजे कशामुळे, कोठून. अकस्मात म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही ते. पोलिसठाण्यातही अशा मरणाची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणूनच नोंद होते. वास्तविक त्या नोंदीनंतर चौकशी व्हावयाची असते, म्हणजे ‘कस्मात्’ हाच प्रश्न विचारावयाचा असतो. पण शब्दानेच आधी उत्तर देऊन टाकलेले, की कारण नाही! नोंद करणाऱ्याच्या मनात असे नसेल. आम्ही दोष देत नाही, शब्दाचा अर्थ सांगतो.

‘अपघात’ ह्या शब्दात निदान ‘घात’ शिल्लक आहे. घात म्हटला की हन् धातू आला, मारणे आले, आणि मारणारे काहीतरी आहे एवढे तरी मान्य झाले. ‘काळाचा घाला’ ह्याची तऱ्हा निराळी. घाला घालतो तो दरोडेखोर. ह्या शब्दप्रयोगाने काळ दरोडेखोर ठरतो, आणि बाकीचे आपण सगळे सुटतो. वर्तमानपत्रात ‘खड्ड्याने घेतला बळी’ असे छापतात, तेव्हा खड्डाच देव होऊन बसतो. तो खड्डा कोणी खणला, कोणी बुजविला नाही, कोणी पाहून पुढे गेला, हे सगळे त्या खड्ड्यातच जाते.

आमच्या पाठशाळेत एक लौकिक न्याय शिकवीत: काकतालीय. कावळा ताडाखाली यावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली, आणि कावळा मेला. त्याच्या जोडीला आणखी दोन उदाहरणे. अजाकृपाणीय, म्हणजे शेळी यावयास आणि वरून तलवार पडावयास एक गाठ. अंधकवर्तकीय, म्हणजे आंधळ्याने हात मारावयास आणि लावा पक्षी नेमका त्याच हाताखाली यावयास एक गाठ. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील एका सूत्रावर ही उदाहरणे शिकवतात. तीनही शब्द आम्ही शेकडो वेळा घोकले, पण एक गोष्ट त्या आईच्या प्रश्नानंतरच लक्षात आली: ह्या तीनही शब्दांत, ज्याचे वाईट झाले तो जीव प्रत्यक्ष उभा आहे. काक आहे, अजा आहे, वर्तका आहे. योगायोग सांगताना आमच्या व्याकरणकारांनी मेलेल्याला शब्दाबाहेर टाकला नाही.

आता आपली मराठी म्हण पाहा. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.’ येथे कावळा उडून जातो. मोडते ती फांदी, आणि आळ येतो कावळ्यावर! संस्कृतातला मेलेला कावळा मराठीत येऊन आरोपी झाला. हा बदल कसा झाला कोण जाणे. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्याच माथी दोष जाण्याची वाट किती जुनी व किती सरळ आहे, ते मात्र त्यातून दिसते. गाडीतून पडलेल्या मुलाविषयी पहिला प्रश्न “दारात का उभा होता?” असाच निघतो ना? त्या आईला तो किती जणांनी विचारला असेल, ते तिलाच ठाऊक.

मराठीला सगळाच दोष देऊ नये. ह्या बाबतीत तिच्यापाशी एक असा प्रयोग आहे की त्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. कप फुटला तर लेकरू तीन तऱ्हांनी बोलू शकते. ‘मी कप फोडला’ म्हणजे मुद्दाम केले. ‘कप फुटला’ म्हणजे कपच दोषी, मी तेथे नव्हतोच. आणि तिसरी तऱ्हा: ‘माझ्या हातून कप फुटला.’ येथे हेतू नाही, पण हात आहे. फोडण्याची इच्छा नव्हती हेही सांगितले, आणि हात माझा होता हेही लपविले नाही. ‘माझ्या हातून घडले’ ह्या तीन शब्दांत जे तोलले आहे ते सांगावयास मोठमोठ्या ग्रंथांना पानेच्या पाने लागली. आमच्या आजीने हे व्याकरण आम्हांस चौथ्या-पाचव्या वर्षीच शिकविले होते. ‘फुटला’ म्हटले की ती विचारी, “आपोआप फुटला?” आणि ‘माझ्या हातून फुटला’ असे म्हटल्यावाचून सोडीत नसे, मग मात्र रागवत नसे.

हेच व्याकरण रामायणात आहे. श्रावणबाळाचे आख्यान आपण सर्वांनी ऐकलेले आहे; आम्हीही ते पुष्कळदा लावले. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ते दशरथ स्वतः सांगतो, आणि तेही मरणाच्या रात्री, कौसल्येस. राजकुमार असताना पावसाळ्यातील एका रात्री तो शरयूकाठी शिकारीस बसला. अंधारात घागर बुडण्याचा आवाज झाला. त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे. आवाजावर बाण सोडला. पुढे गेला तो मुनिकुमार घायाळ पडलेला. कीर्तनकार येथे आर्त स्वर लावतात आणि शापाकडे वळतात. आम्हीही वळत होतो. पण मूळ ग्रंथ पुन्हा उघडला तेव्हा वाटेतील दोन जागा नव्याने दिसल्या.

पहिली ही, की तो मुनिकुमार मरता मरता राजास सांगतो: जा, माझ्या वडिलांना तू स्वतः जाऊन सांग. दुसरी ही, की आंधळा पिता सगळे ऐकून घेतल्यावर म्हणतो: हे तू आपण होऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाच्या चिंधड्या झाल्या असत्या, अजाणता केलेस म्हणून जिवंत आहेस. म्हणजे अजाणतेपण त्याने मानले, आणि त्याची किंमतही दिली. पण ती किंमत राजा स्वतः दाराशी चालत आला, तोंडाने बोलला, त्यानंतर. आणि तरीही मुलगा गेलेलाच होता, म्हणून पुत्रशोकाचा शाप उरला तो उरलाच. हेतू नव्हता एवढ्याने दशरथाचे डोके वाचले. त्याने म्हाताऱ्याची घागर भरून निघाली नाही. दशरथ ‘बाण लागला’ असे म्हणाला नाही. माझ्या हातून झाले, असे म्हणाला.

आता मुख्य शब्दाकडे येतो. बळी.

धर्मशास्त्रात एक विलक्षण विचार आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे कत्तलखाना. आणि हे पाच कत्तलखाने कोणते? चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. सज्जनहो, आपल्या माजघराला, जेथे आई भाकरी थापते त्या जागेला, शास्त्राने कत्तलखाना म्हटले! चुलीत किडा-मुंगी जळते, पाट्याखाली चिरडते, झाडताना मरते. कोणी मारावे म्हणून मारीत नाही. पोटासाठी स्वयंपाक करावयाचा एवढाच हेतू. तरीही त्या शब्दकाराने सौम्य शब्द शोधला नाही. जे घडते ते मारणेच आहे, असे त्याने म्हटले, आणि मग त्यावर उपाय सांगितला: रोजचे पंचमहायज्ञ. (घागर येथेही आहे आणि दशरथाच्या गोष्टीतही आहे, हे लिहिताना आत्ताच ध्यानात आले.) मनूचे सगळेच आम्ही मानतो असे कोणी समजू नये, त्या ग्रंथातील जातिभेदाशी आमच्या संतांचे वाकडेच होते. पण ही पंचसूनेची गोष्ट मोलाची आहे.

ह्या पाच यज्ञांत एक भूतयज्ञ. भूत म्हणजे प्राणिमात्र. आपल्या अन्नातला वाटा मुंगी, पक्षी, कुत्रा अशा जीवांसाठी बाहेर ठेवावयाचा. आणि त्या वाट्याला शास्त्रात नाव काय? बलि! आम्ही हे लहानपणापासून वाचीत होतो. केबिन रोडवरच्या त्या रात्रीनंतर मात्र वाचता वाचता हात थांबला. आपल्या चुलीखाली ज्यांचा जीव अजाणता गेला, त्यांच्या जातकुळीला द्यावयाचा घास, तो बलि. मूळचा बलि म्हणजे ज्यांचे नुकसान झाले त्यांना देणे लागलेले अन्न. आणि आज आपण कोणाला बळी म्हणतो? ज्याचे नुकसान झाले त्यालाच! घास ज्याला मिळावयाचा, तोच घास झाला.

कोणी म्हणेल, बुवा शब्दांची कसरत करतात. पशुबलीही जुनाच आहे. खरे आहे, देवापुढे मारलेल्या जनावरालाही बळी म्हणत आले आहेत. पण आपल्या घरात पहिला अर्थ अजून जिवंत आहे. श्राद्धाच्या दिवशी आपण काकबळी ठेवतो. काकबळी म्हणजे कावळा मारणे, असे कोणी समजतो का? कावळ्यासाठी काढलेले पान, हेच आपण समजतो. त्या मुलाच्या उत्तरकार्यातही पान ठेवले होते, कावळा शिवावा म्हणून सगळे उभे होते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ‘नियतीने बळी घेतला’ म्हणून मोकळे झालो. सकाळचा बळी आणि संध्याकाळचा बळी ह्यांत आम्हांस काही विसंगत वाटले नाही.

नुकसान झालेल्यांसाठी मराठीत दुसरा शब्द आहे तो ‘ग्रस्त’. पूरग्रस्त, अपघातग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. ग्रस् म्हणजे गिळणे. चंद्र राहूने ग्रस्त होतो. शब्द बळकट आहे, पण त्यात एक गोम आहे: राहू कोण ते सांगावे लागते. पूरग्रस्तास पुराने गिळले. धरणग्रस्तास कोणी गिळले? धरण काही आपण होऊन नदीत येऊन बसत नाही.

हे दूरचे उदाहरण नाही, आपल्या चंद्रभागेचेच आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. पळसदेवचे जुने देऊळ त्याच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते अजूनही वर दिसते. देवळाबरोबर काठच्या गावांची घरे गेली, मळे गेले. आषाढी-कार्तिकीस पंढरपुरात नदीला पाणी असावे म्हणून त्याच उजनीतून पाणी सोडतात, आणि आपण त्यात स्नान करतो. कोणाचे वाईट व्हावे म्हणून धरण बांधले नाही. शेती भिजली, गावांना पाणी मिळाले. हे चांगलेच झाले. पण गावे बुडणार हे बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नकाशावर रेघ मारलेली होती. मग ह्याला अपघात म्हणता येईल का? हेतू नव्हता हे खरे, पण माहीत नव्हते हे खरे नाही. दशरथाला अंधारात दिसत नव्हते; येथे उजेड होता. महाराष्ट्रात १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा झाला, पुढे तो सुधारला गेला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि सरकारी नोकरीत राखीव जागा आल्या. हे सगळे त्या लोकांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षे भांडून मिळविले. पाटबंधाऱ्याचा तो दाखला आम्ही एका धरणग्रस्त टाळकऱ्याच्या पिशवीत पाहिला आहे. तुळशीच्या माळेसारखा जपून ठेवलेला होता.

हेतू नसणे आणि माहीत नसणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे गीतेने अठराव्या अध्यायात फार स्पष्ट केले आहे. पुढे काय परिणाम होईल, काय नाश होईल, कोणाची हिंसा होईल, आणि आपली ताकद किती, ह्यांचा विचार न करता मोहाने हाती घेतलेले कर्म ते तामस, असे भगवंत सांगतात. येथे ‘वाईट हेतूने केलेले’ असे म्हटलेले नाही, हे नीट पाहावे. विचार केला नाही, एवढ्यानेच कर्म तामस झाले. ह्यालाच शास्त्रात प्रमाद म्हणतात. मद् म्हणजे धुंद होणे, त्यावरून प्रमाद. आपल्या बोलण्यात त्याच अर्थाचा अरबीतून आलेला ‘गफलत’ आहे, आणि कोर्टकचेरीत ‘हयगय’ व ‘बेदरकारपणा’ चालतात. हयगयीने कोणाचा जीव गेला तर शिक्षा सांगणारे कलम पूर्वीच्या दंडसंहितेत १८७० साली घातले गेले. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते १०६ वे कलम झाले आहे, आणि दोन वर्षांची कमाल शिक्षा पाच वर्षांवर गेली आहे. आम्ही वकील नव्हे. पण प्रमाद हा शब्द अगदीच पोथीतला नाही, एवढे दाखवावयाचे होते.

शब्दांनी झाकण्याचा हा रोग काही आपल्यापुरता नाही. लढाईत बाँब शत्रूवर टाकावयाचा आणि मरावयाचे शेजारच्या वस्तीने, अशा वेळी अमेरिकी सैन्याने एक शब्द रूढ केला. त्याचे मराठी ‘आनुषंगिक हानी’ असे होईल. अनुषंग म्हणजे चिकटून आलेले. जणू माणसे धोतराला चिकटलेल्या कुसळांसारखी त्या बाँबला चिकटून आली! १९९९ साली युगोस्लाव्हियावरच्या बाँबहल्ल्यांत हा शब्द फार ऐकू आला, आणि जर्मनीत दर वर्षी एक ‘कुशब्द’ निवडतात, तो मान त्या वर्षी ह्याच शब्दाला मिळाला. जर्मन लोकांचा हा परिपाठ आम्हांस आवडला. आपल्याकडे कीर्तनकारांनी तरी तो सुरू करावा. पहिली निवड आमच्याच कीर्तनातून करावी लागेल.

आता मुंबईच्या गाड्यांकडे परत येऊ, कारण केबिन रोडच्या मंडळींना ह्या शब्दांचा व्यवहारातही उपयोग आहे. त्या मंडळात कचेरीत काम करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी आम्हांस समजावून सांगितले आणि आम्ही ते पुढे ताडून पाहिले. १९८९ च्या रेल्वे कायद्यात प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला तर ती ‘अनिष्ट घटना’ धरली जाते, आणि रेल्वेची चूक सिद्ध झाली नाही तरी भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यू झाल्यास ही रक्कम आठ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, घटनेपासून एका वर्षाच्या आत करावयाचा. मात्र तोच माणूस रूळ ओलांडताना गेला अशी नोंद झाली, तर तो प्रवासी न राहता आगंतुक, बेकायदा शिरलेला असा ठरतो, आणि ह्या भरपाईचे दार बंद होते. देह एकच, रूळ तेच. ‘पडला’ की ‘ओलांडत होता’, ह्या एका क्रियापदावर घरच्यांचे पुढचे आयुष्य टांगलेले.

दारात उभे राहण्याविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे की तो फार तर निष्काळजीपणा होईल, गुन्हेगारी कृत्य नव्हे. आणि २०१८ साली असेही म्हटले की ‘स्वतःला करून घेतलेली इजा’ म्हणावयास तसा हेतू असावा लागतो. “दारात का उभा होता?” असे विचारणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा न्यायालय अधिक बारकाईने शब्द वापरते, हे पाहून आम्हांस थोडी लाज वाटली. मंडळातील कोणाच्या घरी असा प्रसंग येऊ नये. पण आलाच, तर वर्षाची मुदत लक्षात ठेवावी, आणि पंचनाम्यातील क्रियापद कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावे. दुःखात कागद वाचवत नाहीत हे आम्ही जाणतो, म्हणूनच हे काम शेजाऱ्याने करावे.

आणि आपल्या संप्रदायाचे काय? १९ नोव्हेंबर २०१९ रोजी नामदेवरायांची दिंडी पंढरपूरहून आळंदीस कार्तिकीच्या समाधी सोहळ्याला निघाली होती. दिवे घाट उतरताना जेसीबी यंत्र दिंडीत घुसले. नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास आणि एक तरुण वारकरी गेले, पुष्कळ जण जखमी झाले. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगितले गेले. त्यानंतर कितीतरी ठिकाणी आम्ही बोललो, आणि काय बोललो? वारीच्या वाटेवर देह पडला, केवढे भाग्य. श्रद्धेने बोललो, त्यात खोटे काही नव्हते. परंतु उताराचा रस्ता, अवजड यंत्र आणि पायी चालणारी माणसे एकाच वेळी एकाच वाटेवर का होती, हे एकाही कीर्तनात आम्ही विचारले नाही. ‘वैकुंठवासी’ ह्या शब्दाने आमचे सांत्वन झाले आणि आमचा प्रश्नही त्याच शब्दात निजला. वैकुंठाला आम्ही हरकत घेत नाही. पण वैकुंठाला जाणाऱ्यांच्या वाटेत ब्रेक नसलेले यंत्र असावे, असे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगितली आहे. तिच्यात अहिंसक पुरुष चालतो कसा, पाऊल टाकण्याआधी जमिनीवरच्या बारीक जीवाची काळजी करतो कशी, हे आधी येते. आणि मग तो बोलतो कसा, ते येते. बोलण्याआधी मनात करुणा यावी, शब्दाने मागाहून यावे, असा तो क्रम. आम्ही ह्या प्रकरणावर प्रवचने केली आहेत. पाऊल जपावयाचे ते समजले होते. शब्दाच्या पायाखालीही कोणी सापडते, हे अनुभवावाचून कळले नाही.

गेल्या वर्षी त्या मुलाचे वर्षश्राद्ध झाले. मंडळाच्या खोलीबाहेर फळा आहे, त्यावर कीर्तनाची सूचना खडूने लिहितात. मंडळाच्या एका तरुणाने लिहिले होते, ‘अकस्मात निधन पावलेल्या’ अमुकच्या पुण्यस्मरणार्थ. आम्ही चप्पल काढीत होतो. त्या माउली बाहेर आल्या, फळा वाचला, पदराने ‘अकस्मात निधन पावलेल्या’ एवढे पुसले आणि आमच्या हातात खडू दिला. म्हणाल्या, “बुवा, काय झालं तेवढंच लिहा.” आम्ही विचारले, “काय लिहू?” त्यांनी सांगितले तसे लिहिले: ‘कामाला जाताना गर्दीच्या गाडीतून पडून गेलेल्या.’ ओळ जरा लांब झाली, फळ्यावर मावेना. तेव्हा कीर्तनकाराचे नाव खाली बारीक अक्षरात घ्यावे लागले.